सतरा नंबरचा शब्द

जबाब देणारी: दुसरीच्या वर्गाची शिक्षिका, शाळेत "नव्या बाई" म्हणून ओळख. वय २४ वर्षे. धंदा नोकरी, पहिलं वर्ष. राहणार शाळेमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरची खोली. मुलगी अल्पवयीन असल्याने या कागदावर कुणाचंही नाव घेतलेलं नाही. नावांची यादी वेगळ्या पाकिटात बंद करून सोबत जोडली आहे.

समक्ष ठाण्यात बसून, विचारलं तेवढं आणि न विचारलेलंही सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. शाळेत लागून मला सात महिने झाले. माझ्या वर्गाचा पट एकतीस. वर्ग तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळाला लागून आहे. त्या नळाचा वॉशर गेलेला आहे, तो दिवसभर टपकतो. जबाब लिहून घेणारे हवालदार काका म्हणाले, नळाचं कशाला? मी म्हटलं, लिहा, पुढे लागेल. शाळा सकाळी ७.१० ला भरते, ९.३० ला वीस मिनिटांची सुट्टी होते आणि १२.१५ ला सुटते.

नोकरी लागली त्याच आठवड्यात मी फोनवरून रोज एक छोटा व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. त्याला नाव दिलं "नव्या बाईंचा दिवस". फळ्यावर लिहिताना माझी ओळ वर कशी चढत जाते, खडूने ओढणी कशी पांढरी होते, पहिल्या दिवशी मुलांच्या आधी मीच "नमस्ते बाई" कसं म्हणून बसले, असलं सगळं. काकांनी विचारलं की हे कशासाठी करायचं. कशासाठी म्हणजे? गाव नवीन. खोलीत बोलायला भिंती. शिक्षकांच्या खोलीत सगळ्याच माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. फोनवर चार लोक "छान शिकवता हो" म्हणायचे, मला बरं वाटायचं. तसंच लिहून घ्या. माझी आई म्हणायची, "मी फोन केला की 'काही विशेष नाही' म्हणतेस आणि जगाला रोज तीन मिनिटं सांगत बसतेस. आता मीही जगातच जाऊन बघते तुझं." पहिले दोन महिने बघणारे म्हणजे आई, मावशी आणि मावशीच्या ऑफिसातल्या दोघीतिघी.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की एकाही पोराचा चेहरा दिसला तर घरी बसायचं. मी तो नियम कधी मोडला नाही. माझे सगळे व्हिडिओ तपासा. फोन मी टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवायचे. त्यात फळा, माझा हात आणि खिडकीचा कोपरा एवढंच दिसतं. शाळेचं नाव मी कधी घेतलं नाही, गावाचं नाही, कुठल्या मुलाचंही नाही. मुलांना मी नंबरानेच हाक मारते. यात कुणाला काय कळणार, असं मला वाटायचं.

आता शब्दांबद्दल. आमच्या शाळेत पद्धत अशी आहे की प्रत्येक मुलाचा एक ओळखशब्द असतो. आई-वडील प्रवेश घेतानाच तो ठरवतात. रोजच्या माणसाऐवजी दुसरं कुणी मुलाला न्यायला आलं तर त्याने वर्गाच्या बाईंना तो शब्द सांगायचा, बाईंनी वहीत बघून खात्री करायची, मगच मूल सोडायचं. ती वही कपाटात कुलपात असते. माझ्या आधीच्या बाई निवृत्त होताना मला कपाटाची किल्ली देऊन म्हणाल्या होत्या, "डोळ्यांत तेल घालून सांभाळ गं ही वही." मी वहीला नवं कव्हर घातलं.

पहिल्या महिन्यात मी मुलांना सहज शब्द विचारले, तर एकतिसातल्या एकोणीस जणांना आपापला शब्द आठवेना. एक पोरगा म्हणाला, "बाई, माझा शब्द बाबांकडे आहे." मी कपाळाला हात लावला. मग मला कल्पना सुचली. हजेरी घेताना "हजर" म्हणायचंच नाही. मी नंबर म्हणायचा, मुलाने आपला शब्द म्हणायचा. रोज म्हटलं की विसरणार कसा? आठ दिवसांत सगळ्यांचे शब्द पाठ झाले. मी मोठ्या बाईंना सांगितलं की मी शब्दांची हजेरी घेते. त्या म्हणाल्या, "वा, शब्दसंग्रह वाढेल." कुठले शब्द, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, हजेरीत म्हणायचा शब्द आणि गुप्त ठेवायचा शब्द एकच आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काकांनी इथे पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. बघा हो, बघा. मीही आज दुपारपासून आरशात तसंच बघते आहे.

ती हजेरी मी व्हिडिओत टाकली आणि बघणारे एकदम वाढले. फळ्याचं चित्र आणि मागून एकेक आवाज. एक, कात्री. दोन, गोगलगाय. तीन, बटण. चार, पतंग. पाच, उशी. लोकांना ते फार गोड वाटलं. "सकाळचा चहा नव्या बाईंच्या हजेरीबरोबरच" असं लोक लिहायचे. बेचाळीस हजार लोक झाले. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू. मग रोज ७.१५ ची हजेरी मी सुट्टीत म्हणजे ९.३० ला टाकायला लागले. चार महिन्यांपूर्वी मी "आमच्या शाळेत मुलं कशी सोडतात" असाही एक व्हिडिओ केला. त्यात ओळखशब्दाची पद्धत सगळी समजावून सांगितली, शाळेचं कौतुक केलं, आणि शेवटी फोनकडे बघून म्हटलं, "शब्द काय ते मात्र सांगणार नाही हं!" तो माझा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ आहे.

त्याच सुमाराला "मागचा बाक" या नावाचा एक बघणारा रोज लिहायला लागला. चित्राच्या जागी नुसता करडा चौकोन. पहिली ओळ होती, "खडू नवीन दिसतो. जुना कमी करकरायचा." मग, "पंख्याला तेल द्या, तिसऱ्या फेरीला अडतो." खरंच अडत होता. मी शिपाईमामांकडून तेल घालून घेतलं आणि त्याचाही व्हिडिओ केला. मग, "खिडकीबाहेर नळ आहे का? टपकतो." मी हसण्याचं चिन्ह टाकलं. एकदा त्याने विचारलं, "हजेरीच्या मागे भोंगा वाजतो तो कशाचा?" मी उत्तर दिलं की आमच्याकडे एकच कारखाना आहे, रंगाचा, त्याचा. यात गावाचं नाव कुठे होतं? असं मी आज तपास करणाऱ्या फौजदार मॅडमना विचारलं.

मी शेजारच्या वर्गाच्या बाईंना ते सगळं वाचून दाखवायचे. त्या म्हणाल्या, "कान आहेत का काय आहे माणसाला! आमच्या ह्यांना मी शेजारी बसून ओरडले तरी ऐकू येत नाही." आम्ही खूप हसलो.

सदर अपहृत मुलगी, हजेरीत नंबर सतरा, वय सात, ही शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, एका मुलाने शाळा सोडल्याने रिकाम्या झालेल्या नंबरावर आमच्याकडे आली. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला आहे. अर्जात वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ आहे. तिचा ओळखशब्द "साबण". तो तिनेच सुचवला, कारण आईच्या हातांना तोच वास येतो, असं आईने मला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "बाई, हिचे फोटो नकोत. कुठेच नकोत." मी म्हटलं, "अहो, मी कुणाचाच चेहरा दाखवत नाही. निर्धास्त राहा." आईकडे साधा बटणांचा फोन आहे. तिने माझा एकही व्हिडिओ पाहिलेला नाही.

सतरा नंबर कमी बोलते. बोलली तर हळू. पण आपला शब्द मात्र ती स्पष्ट म्हणायची, "साबण" म्हणताना शेवटी जरा थांबायची. लोकांना ते आवडायचं.

पंधरा दिवसांपूर्वी, सोमवारी, हजेरी टाकल्यावर चार मिनिटांत "मागचा बाक"ने लिहिलं, "सतरा नंबरचा दात पडला. वरचा, पुढचा." मी सुट्टीनंतर तिला तोंड उघडायला लावलं. वरचा, पुढचा. आदल्या संध्याकाळीच पडला होता. मला त्याचं इतकं नवल वाटलं की मी ती ओळ सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. "बघा रे, किती लक्ष देऊन ऐकतात लोक आपल्याला!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. सतरा नंबरने वाजवल्या नाहीत. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, दाताची लाज वाटली.

त्याच दिवशी शाळा सुटताना ती माझ्या टेबलाशी आली. हाताचा आडोसा करून तिने माझ्या कानात एक वेगळा शब्द सांगितला. म्हणाली, "बाई, आता हा. आजपासून हा." मी म्हटलं, "अगं, असा मधेच नाही बदलता येत. वहीत पेनने लिहिलंय." ती म्हणाली, "खोडा ना." मी म्हटलं, "खाडाखोड चालत नाही, राणी." याचं कारण सांगते. पहिल्याच आठवड्यात मी हजेरीपत्रकात एक चुकीचा आकडा खोडून नीट केला होता. मोठ्या बाईंनी ते पत्रक शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर धरून विचारलं होतं, "ही काय रांगोळी काढलीय?" तेव्हापासून मी कानाला खडा लावला की शाळेच्या कागदावर एक रेघ खोडायची नाही. सात वर्षांच्या मुलीला मी ते कारण ऐकवलं. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती आपला शब्द कुजबुजत म्हणायला लागली. "मागचा बाक"ने लिहिलं, "सतरा नंबरला मोठ्याने बोलायला सांगा." मी सांगितलं. बुधवारच्या हजेरीत मी तिला तीन वेळा म्हणायला लावलं. "ऐकू येत नाही. पुन्हा. अजून मोठ्याने." ते सगळं व्हिडिओत आहे. तिसऱ्या वेळेला तिचा आवाज स्वच्छ येतो. त्यावर त्याने लिहिलं, "धन्यवाद." मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मला आता स्वतःच्या हातांची किळस येते. काका म्हणतात की हे जबाबात बसत नाही. बसवा.

आजचं सांगते. सकाळी ७.१५ ला हजेरी झाली. एकतीस हजर. ९.३० ला व्हिडिओ टाकला. १०.५० च्या सुमारास एक इसम माझ्या वर्गाच्या दारात आला. इसम हा शब्द काकांचा, मी माणूस म्हटलं होतं. वय अंदाजे चाळीस, मध्यम बांधा, इस्त्रीचा करडा शर्ट, हातात काही नाही. बोलणाऱ्याकडे न बघता मान जराशी खाली घालून ऐकायची सवय. शिपाईमामा सांगतात की त्याने वर्ग कुठला ते विचारलं नाही, फाटकातून आत आल्यावर क्षणभर उभा राहिला आणि सरळ नळाकडे चालत गेला. फाटकावरच्या वहीत त्याने नावाच्या रकान्यात "मामा" असं लिहिलं आहे. शिपाईमामा म्हणतात, "मला वाटलं माझीच चेष्टा केली."

तो मला म्हणाला, "मी सतरा नंबरचा मामा. तिच्या आजोबांना दवाखान्यात नेलंय, ताईने मुलीला घेऊन यायला सांगितलंय." मी म्हटलं, "शब्द सांगावा लागेल." तो म्हणाला, "हो, साबण." म्हणताना शेवटी जरा थांबला. मी कपाट उघडलं, वही काढली, नंबर सतरापुढे बोट ठेवून पाहिलं. नियम मी पूर्ण पाळला. वहीत खाडाखोड नव्हती.

मी वही परत ठेवेपर्यंत तो वर्गात मागच्या बाजूला गेला होता. शेवटच्या बाकावर त्याने तळहात ठेवून हलकेच दाबला. बाक कुरकुरला. तो म्हणाला, "हाच ना?" मी विचारलं, "काय?" तो म्हणाला, "रोज तेविसाव्या नंबराच्या वेळी वाजतो." तेवीस नंबर त्याच बाकावर बसतो, उठताना बाक वाजतो. माझ्या लक्षात आलं, हा आपले व्हिडिओ बघणारा. मी खूश झाले. तोंडातून निघून गेलं, "अय्या, तुम्ही बघता का?" तो म्हणाला, "मी ऐकतो." मग वर पंख्याकडे बोट करून म्हणाला, "तेल घातल्यावर बरा झाला." मला ते खटकलं, हे मी शपथेवर सांगते. पण तीस मुलं कलकल करत होती, शब्द बरोबर होता, आणि माणूस कौतुक करत होता. मी मनातल्या मनात स्वतःला म्हटलं, उगाच काहीतरी मनात आणू नकोस.

त्याने मुलीला नावाने हाक मारली नाही. "सतरा" म्हणाला. मीही "सतरा, दप्तर घे" असंच म्हटलं. ती उठली. रडली नाही, ओरडली नाही. पेन्सिल कंपासात ठेवली, कंपास बंद केला, वही दप्तरात घातली, इतकं सावकाश की मी म्हटलं, "आटप गं, मामा थांबलेत." पाण्याची बाटली बाकावरच राहिली, ती मी ठाण्यात दिली आहे. दारातून जाताना ती माझ्यापाशी थांबली आणि तिने विचारलं, "बाई, बदलला का?" मी म्हटलं, "उद्या बघू हं. जा आता."

काकांना मी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. बरोबर लिहिलंय.

१२.१५ ला तिची आई नेहमीप्रमाणे फाटकाशी आली. मी तिला म्हटलं, "तिला मामा घेऊन गेले ना, तुमच्या वडिलांना बरं नाही म्हणून?" ती म्हणाली, "मला भाऊ नाही." मग तिने विचारलं, "तो तिच्याशी बोलला का, की नुसता ऐकत होता?" मोठ्या बाईंनी लगेच ठाण्यात फोन केला. आईने फौजदार मॅडमना कोर्टाचा कागद दाखवला, त्यात मुलगी आईकडे दिली आहे आणि बापाला भेटायला मनाई आहे. मुलीला नेणारा इसम तिचा बाप असल्याचं आईने वर्णनावरून ओळखलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्याच्या घरात आम्हाला बोलायची बंदी होती. आम्ही कुठल्या खोलीत आहोत ते तो भिंतीपलीकडून श्वासावरून ओळखायचा. बाई, त्याला चेहरा लागतच नाही." मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती मागे सरली.

दुपारी २.०५ ला माझा फोन वाजला. आजच्या हजेरीखाली "मागचा बाक"ने लिहिलं होतं, "उद्यापासून सतरा नंबर वगळून पुढे जा. मधे शांतता पडलेली बरी नाही वाटत." फौजदार मॅडमनी ते तीन वेळा वाचलं. त्यांच्या तांत्रिक विभागाच्या माणसाने सांगितलं की तो लिहितो आणि लगेच फोन बंद करतो, ठिकाण सापडायच्या आत नाहीसा होतो. त्याचा फोन बराच वेळ चालू राहिला पाहिजे. मॅडमनी मला विचारलं, "तुमचं कुठलं तो शेवटपर्यंत ऐकतो?" मी म्हटलं, "हजेरी."

त्यावरून असं ठरलं की मी संध्याकाळी थेट प्रक्षेपण करून हजेरी घ्यायची. ठाण्यात करू, असं मॅडम म्हणत होत्या. मी म्हटलं, इथला पंखा वेगळा आहे, तो एका सेकंदात ओळखेल. म्हणून आम्ही शाळेत गेलो. ५.३० ला मी माझ्या रिकाम्या वर्गात टेबलाशी उभी राहिले. पंखा लावला. बाहेर नळ टपकत होता. मुलीची आई पहिल्या बाकावर बसली होती, तोंडात पदराचा बोळा धरून, श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून. फौजदार मॅडम मागच्या बाकावर बसायला गेल्या तर तो वाजला. त्या तशाच उभ्या राहिल्या. तांत्रिक विभागाचा माणूस व्हरांड्यात होता.

मी फोन चालू केला आणि म्हटलं, "आज पुन्हा एकदा हजेरी घेऊ या. मुलं घरी गेलीत, मी नंबर म्हणते, तुम्ही ऐका." मी म्हटलं, "एक." आणि थांबले. वर्गात कुणी नाही. पडद्यावर ओळी यायला लागल्या. कात्री. कात्री. कात्री. बाई कात्री. मी म्हटलं, "दोन." गोगलगाय. शंभर ठिकाणांहून गोगलगाय. "तीन." बटण. चूक एकाचीही नाही. माझ्या वर्गातल्या एकोणीस जणांना जे आठवत नव्हतं ते हजारो परक्या माणसांना तोंडपाठ होतं, आणि ते मीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कपाट, कुलूप, वहीचं नवं कव्हर, सगळं माझ्यासमोर होतं. पुढचा नंबर म्हणायचा राहिला. मॅडमनी हाताने खूण केली, चालू ठेवा. "सहा." "सात." बाराव्या नंबराला "मागचा बाक" आल्याचं मला पडद्यावर दिसलं. त्याने काहीच लिहिलं नाही.

सोळा झाल्यावर मी थांबले. हे ठरलेलं नव्हतं, मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. मी म्हटलं, "सतरा नंबरचा शब्द बदलला आहे. तिने मला सांगितला होता. बाईंनी ऐकायला उशीर केला. आजपासून तो." मग मी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आणि म्हटलं, "सतरा."

पडद्यावर साबण, साबण, साबण असं धावायला लागलं. मी वाचत राहिले. पंखा फिरत होता. मी मनात वीसपर्यंत मोजलं. त्या सगळ्या साबणांच्या मधे करड्या चौकोनापुढे एक शब्द आला. तिने माझ्या कानात सांगितलेला. तोच.

तो तिने स्वतः लिहिला की त्याने तिच्याकडून वदवून घेऊन लिहिला, हे मी सांगू शकत नाही. मी एवढंच सांगते की तो शब्द जगात आम्हा दोघींनाच माहीत होता. म्हणजे ती आहे, जागी आहे, आणि मी हाक मारली ती तिने ऐकली. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पदर तोंडातून काढला नाही.

व्हरांड्यातल्या माणसाने हात वर करून अजून वेळ हवा अशी खूण केली. मी म्हटलं, "शाब्बास. अठरा." मग एकोणीस. मग वीस. प्रत्येक नंबराला मी नेहमीपेक्षा जास्त थांबले. तेवीस म्हटल्यावर फौजदार मॅडमनी मागचा बाक हाताने दाबला आणि तो नेहमीसारखा वाजला. एकतीस संपल्यावर मी पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लागले. तो गेला नाही. ५.५८ ला व्हरांड्यातला माणूस धावत आत आला आणि त्याने मॅडमना पत्ता लिहिलेला एक कागद दाखवला. ६.०४ ला त्यांची गाडी शाळेच्या फाटकातून निघाली. मुलीची आई गाडीत पुढे बसून गेली. मला ठाण्यात आणून बसवलं. मी हा जबाब ६.३० ला द्यायला सुरुवात केली. आता ७.४० झाले आहेत. काकांच्या टेबलावरचा बिनतारी संच दोनदा खरखरला, पण दोन्ही वेळा आमच्याबद्दल काही नव्हतं.

माझा फोन मी जमा केला आहे. व्हिडिओ काढून टाकू का, असं मी विचारलं. पुरावा आहे, हात लावू नका, असं मला सांगण्यात आलं. उरलेल्या तीस मुलांचे शब्द उद्या सकाळी शाळा भरण्याआधी बदलायचे आहेत. ते मोठ्या बाई आणि मी एकेका पालकाला आत बोलावून, दार लावून करणार आहोत. मला शाळेत ठेवतील का, माहीत नाही. ठेवलं नाही तरी तेवढं काम करून मी जाईन.

मुलीचा त्यांच्यावर विश्वास बसावा म्हणून सतरा नंबरचा नवा शब्द मी फौजदार मॅडमना त्या गाडीत चढताना कानात सांगितला आहे. तो या कागदावर घेऊ नये. काकांनी दोनदा विचारला, मी दिला नाही.

वरील मजकूर हवालदार काकांनी मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, कुणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. जबाबात तीन ठिकाणी खाडाखोड आहे. मी काकांना विचारलं की हे चालतं का. ते म्हणाले, "चालतं की. खोडायचं, बरोबर ते लिहायचं आणि बाजूला सही करायची." तिन्ही ठिकाणी मी सही केली आहे.